आमच्या घरी राजपुत्र येतो

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी आमच्या चिरंजीवांनी माझ्या टेबलावर, तपासायच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर, एक कागद आणून ठेवला. कागद सुवाच्य होता, मुद्देसूद होता आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. कारण त्यात मराठीचा एकही शब्द नव्हता. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड अशी नावे एकाखाली एक लिहिली होती, प्रत्येकापुढे रकमा होत्या आणि शेवटी दोन रेघांमध्ये बेरीज होती : १,४२,००० रुपये.

"हे काय आहे?" मी विचारले.

"गेमिंग पीसी. तुम्ही म्हणाला होतात ना, बाबा? ऐंशीच्या वर टक्के पडले तर तुला हवं ते घेऊन देईन म्हणून."

म्हणालो होतो खरे. जानेवारीच्या थंडीत, मुलगा पहाटे उठून अभ्यासाला बसलेला पाहून बापाचे मन भरून आले आणि शब्द तोंडातून निघून गेला. दशरथाने कैकेयीला वर देताना रक्कम विचारून घेतली नव्हती. मीही घेतली नव्हती. रामायण शिकवणाऱ्या माणसालाही रामायणाचा उपयोग होत नाही तो असा!

त्यानंतर मी जे बोललो ते मराठीच्या प्राध्यापकाला शोभणारे नव्हते. घराचा हप्ता काढला, बाबागाडीपासून क्लासच्या फीपर्यंतचा सगळा खर्च काढला, एवढ्या पैशांत किती ग्रंथ येतील त्याचा हिशेब सांगितला. खेळायचे तर मैदानावर जाऊन घाम गाळावा, खोलीत बसून बटणे दाबण्याला खेळ म्हणत नाहीत, असेही ठणकावले. आणि शेवटी सगळ्या बापांचे ते ठेवणीतले वाक्य उच्चारले : "मी तुझ्या वयाचा असताना..."

चिरंजीवांनी शांतपणे कागदाची घडी केली. म्हणाले, "तुम्ही मला काय खेळायचंय ते विचारलंतसुद्धा नाही," आणि आत निघून गेले.

पुढे अकरा दिवस आम्हा बापलेकांत बोलणे नव्हते. जो काही व्यवहार होई तो मध्यस्थामार्फत. "आई, बाबांना सांग, त्यांचा फोन वाजतोय." "अहो, त्याला विचारा, गिरणीत जाणार आहे का?" डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या जागेत अकरा दिवसांचा अबोला म्हणजे काय, हे अशा जागेत राहणाऱ्यालाच कळेल. माणसे एकमेकांना चुकवू शकत नाहीत. फक्त नजरा चुकवतात.

बाराव्या दिवशी दुपारी आमची आई स्वयंपाकघरात साखरआंब्यासाठी कैऱ्या किसत बसली होती. मी पाणी प्यायला गेलो, तर किसणीवरची नजर न काढता म्हणाली, "त्याच्या वयाचा असताना तू काय करत होतास, ते सांगितलंस का त्याला? का मी सांगू?"

मी काय करत होतो, ते सांगायलाच हवे.

साल १९९६. आम्ही तेव्हा कऱ्हाडला राहत होतो. वडील नगरपालिकेत कारकून. माझी दहावीची परीक्षा झाली आणि कोणीतरी वडिलांच्या डोक्यात भरवले की, यापुढे ज्याला कॉम्प्युटर येईल तोच तरेल. त्यांनी नऊशे रुपये भरून मला एका क्लासात घातले. वातानुकूलित खोली, खिडक्यांना जाड पडदे, चपला बाहेर काढून आत जायचे. देवळापेक्षाही सोवळे कडक. डॉस, वर्डस्टार आणि लोटस शिकवायचे असा करार होता. पण तिथल्या एका कोपऱ्यातल्या यंत्रावर कोणीतरी फ्लॉपीवरून आणून ठेवलेला एक खेळ होता : 'प्रिन्स ऑफ पर्शिया'.

पांढऱ्या कपड्यांतला एक लहानसा राजपुत्र. तळघरात कैदेत पडलेला. हातात तलवारसुद्धा नाही. तीही शोधून काढायची. वर मनोऱ्यात राजकन्या, तिच्यापुढे वाळूचे घड्याळ, आणि दुष्ट वजीर जाफरने दिलेली मुदत फक्त साठ मिनिटांची. बारा टप्पे ओलांडून तिच्यापर्यंत पोहोचायचे. वाटेत जमिनीतून वर येणारे भाले, कराकरा मिटणारी पात्यांची दारे, पाय पडताच ढासळणाऱ्या फरशा. राजपुत्र धावे, उडी मारी, कठड्याला लोंबकळे. आणि ते सारे इतके खऱ्या माणसासारखे की, तो पडला म्हणजे पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येई. वर्डस्टार मी किती शिकलो ते विचारू नका. राजपुत्र मात्र मला आतूनबाहेरून ठाऊक झाला.

जूनमधल्या एका संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळू लागला, तेव्हा वडील छत्री घेऊन मला न्यायला क्लासात आले. मला पत्ता नव्हता. क्लासच्या गृहस्थांनी त्यांना माझ्या पाठीशी आणून उभे केले. राजपुत्र एका दारापाशी अडला होता. खालची कळ दाबली की दार वर जाई, पण मी धावत पोहोचेपर्यंत ते पुन्हा खाली येई. पडत होतो, मरत होतो, पुन्हा पहिल्यापासून येत होतो. मागून कोणीतरी हळूच "अरेरे" म्हणाले, तेव्हा मी वळून पाहिले.

घरी येईपर्यंत एका छत्रीखाली आम्ही दोघे एक शब्दही बोललो नाही. पुढच्या महिन्याची फी वडिलांनी भरली नाही. मी कला शाखेत गेलो, मराठी घेतले, आणि आज तुमच्यापुढे हा लेख लिहीत आहे. नऊशे रुपये पाण्यात घालवल्याचा राग त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, आणि तो न बोललेला राग मी आजवर उराशी बाळगून होतो. वडिलांना जाऊन आता नऊ वर्षे झाली.

"ते रागावले होते ना माझ्यावर?" मी आईला विचारले.

आईने किसणी बाजूला ठेवली. "रागावले? अरे, चार दिवस रोज रात्री मला विचारायचे, 'तो पोरगा त्या दारापलीकडं गेला का गं?' मी म्हटलं, कुठला पोरगा? तर म्हणाले, 'ह्याच्या खेळातला. लई धडपडत होता बिचारा.' फी भरायला त्या महिन्यात पैसेच नव्हते. आत्याचं बाळंतपण निघालं होतं."

"मग मलाच का नाही विचारलं त्यांनी?"

"बापानं पोराला असलं काही विचारायची पद्धत होती का तेव्हा?" आई म्हणाली, आणि पुन्हा किसू लागली.

त्या रात्री मला झोप आली नाही. मास्तर माणूस, मन अस्वस्थ झाले की संदर्भ शोधत बसतो. हा राजपुत्र कोणाचा कोण, याचा मी शोध घेतला, आणि जे सापडले त्याने मी थक्क झालो.

हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने रचला. १९८५ मध्ये हाती घेतलेले काम १९८९ मध्ये पुरे झाले. राजपुत्राच्या हालचाली खऱ्या वाटाव्यात म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला, भिंतीवर चढायला लावले. त्याचे चित्रीकरण केले आणि एकेका चित्रावरून आकृती गिरवून काढली. तलवारबाजी त्याने १९३८ च्या 'रॉबिन हूड' चित्रपटातल्या द्वंद्वावरून घेतली. आणि खेळातले संगीत? ते रचले त्याच्या वडिलांनी. पुढे मूळ लेखन असलेल्या तबकड्या हरवल्या. तब्बल दोन तपांनी, २०१२ मध्ये, त्या सापडल्या. सापडल्या त्याही वडिलांच्या घरी, कपाटात पडलेल्या एका खोक्यात! मुलाने ते सारे मूळ लेखन जगाला वाचायला खुले करून टाकले.

म्हणजे भाऊ धावला, बापाने गाणे दिले, आणि बापाच्या कपाटाने ठेवा सांभाळला. ज्याला मी एकट्याने खोलीत बसून बटणे दाबणे म्हणत होतो, तो एका कुटुंबाने मिळून केलेला उद्योग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिरंजीवांच्या शेजारी जाऊन बसलो आणि अकरा दिवसांपूर्वी विचारायला हवे होते ते विचारले : "काय खेळायचंय तुला?"

त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. मग हळूहळू बोलू लागला. दहा खेळांची यादी निघाली. त्यात 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग होता. हा १९९९ चा खेळ २०१९ मध्ये नव्या रूपात आला आणि २०२२ मध्ये त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर या आपल्या इकडच्या सत्ताही आल्या. 'स्टारड्यू व्हॅली' होता. एका माणसाने वर्षानुवर्षे खपून केलेला, शेतीचा आणि शेजारधर्माचा २०१६ मधला खेळ. आणि शेवटी 'सायबरपंक २०७७'सारखे दोन अवजड खेळ होते. प्रत्येक खेळाचा कर्ता, त्याला किमान कोणते यंत्र लागते आणि चांगले चालायला कोणते, हे छापून देतो. आम्ही दोघांनी दहाही खेळांचे ते तपशील समोर ठेवले. निष्पन्न असे झाले की, दहांपैकी आठ खेळांना महागडे ग्राफिक्स कार्ड लागतच नव्हते. त्या एक लाख बेचाळीस हजारांतला मोठा वाटा उरलेल्या दोन खेळांसाठी होता.

"आधी खेळ ठरवायचे आणि मग यंत्र, असं करायला हवं होतं," चिरंजीव म्हणाले. "मी उलटं केलं."

"आणि मी दोन्ही न करताच भाषण केलं," मी म्हणालो. अबोला तिथे सुटला.

आता ज्या घरांत असाच कागद टेबलावर येऊन पडला असेल, त्यांच्यासाठी आम्ही बापलेक जे शिकलो ते सांगतो. आमच्या सौभाग्यवतींना ते समजावून देताना मला स्वयंपाकघराचा आधार घ्यावा लागला, तोच इथेही घेतो.

प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी गृहिणी. रॅम म्हणजे ओटा. त्यावर हाताशी लागणारे जिन्नस मांडलेले असतात. ओटा लहान असला की गृहिणी कितीही चपळ असो, तिला सारखे फडताळाकडे धावावे लागते. फडताळ म्हणजे एसएसडी. तिथे सगळे साठवलेले. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा हे फडताळ कितीतरी पटींनी चटकन उघडते, म्हणून कितीही काटकसर करायची असली तरी ते घ्यावेच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पंगतीला वाढणारा आचारी. त्याचा स्वतःचा वेगळा ओटा असतो. तो ठेवला नाही तर प्रोसेसरमध्येच अंगभूत असलेली चित्रशक्ती वाढपाचे काम करते. मात्र मग दोघांना मिळून एकच ओटा वापरावा लागतो. अशा वेळी १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन वाटांनी माल येतो-जातो आणि चित्र अधिक झरझर सरकते. हे एवढेसे ज्ञान दुकानात मोलाचे ठरते.

पण पंगत केवढी, हे आधी ठरवले पाहिजे. आमच्या १९९६ च्या राजपुत्राचा पडदा आडवा ३२० आणि उभा २०० ठिपक्यांचा होता. म्हणजे अवघे ६४,००० ठिपके. आजचा साधा पडदा १९२० बाय १०८० चा, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचा. आणि ज्याला 'फोर के' म्हणतात त्याचे ठिपके होतात ८२,९४,४००. हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे! चौपट ठिपक्यांचा पडदा घेतला की तेवढा रंगवणारा आचारीही लागतो, आणि तोच खर्चाचा डोंगर उभा करतो. आम्ही साधा पडदा घ्यायचे ठरवले.

एका बाबतीत मात्र कंजूषपणा करू नये, आणि ती म्हणजे पॉवर सप्लाय. ती पेटी दिसत नाही, मिरवता येत नाही, म्हणून लोक तिथेच पैसे वाचवतात. आणि ती बिघडली तर जाताना शेजाऱ्यांना घेऊन जाते. घराचे वायरिंग आपण स्वस्तातले करतो का? तसेच हे. शिवाय पुढे कधी ग्राफिक्स कार्ड बसवायचे झाले तर त्याला पुरेल एवढी ताकद आजच असू द्यावी.

एका रविवारी नव्हे, शनिवारी (रविवारी तिथली बरीच दुकाने बंद असतात) आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, आणि मुलाच्या मागे मागे मी त्या गल्लीत शिरलो. माझ्या मागे मागे तो जत्रेत फिरे, त्याची आठवण झाली. दुकानदार मराठीच निघाले. त्यांनी गणपतीच्या मखरासारखे दिवे लुकलुकणाऱ्या पेट्या दाखवल्या. आम्हाला ग्राफिक्स कार्ड नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "साहेब, कार्डाशिवाय गेमिंग पीसी म्हणजे ढोलकीशिवाय लावणी!"

"ढोलकीची जागा रिकामी ठेवा," चिरंजीव म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

मी नुसता उभा होतो. रायझन ५ ५६००जी हा अंगभूत चित्रशक्तीचा प्रोसेसर, दोन पट्ट्या, ५५० वॅटची चांगली पॉवर सप्लाय, दिवे नसलेली पेटी आणि पडदा. सगळे मिळून पंचेचाळीस हजारांच्या आसपास भागले. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घेण्याचा आग्रह मुलानेच धरला, कारण हमीच्या काळात तोच कामाला येतो. बारावीत अर्थशास्त्राला पडलेल्या गुणांवर माझा त्या दिवशी विश्वास बसला. आमचा करार असा ठरला : वर्षभरानंतरही त्या दोन अवजड खेळांची ओढ टिकली, तर कार्डाचे निम्मे पैसे त्याने सुटीत काम करून उभे करायचे, निम्मे मी.

यंत्र आले, आता खेळ. इथे चिरंजीवांनी मला 'बंडल'चे जग दाखवले. जुन्या, नावाजलेल्या खेळांची जुडी बांधून स्वस्तात विकण्याची ही पद्धत. २०१० मध्ये 'हंबल बंडल'ने तर किंमतच गिऱ्हाइकावर सोपवली : पाच खेळ घ्या, द्यायचे तेवढे द्या, आणि त्यातले किती कर्त्यांना आणि किती धर्मादायाला जावे तेही तुम्हीच ठरवा. कल्पना मोठी सुंदर! पण जुडीचा मोह वाईट. दहा खेळांची जुडी घेऊन माणूस एकच खेळतो. मी हे मुलाला बजावू लागलो, तेवढ्यात सौभाग्यवतींनी माझ्या कपाटाकडे नुसते बोट दाखवले. पूर्वप्रकाशन सवलतीत घेतलेले, आजतागायत पाने न उलगडलेले तीन ग्रंथसंच तिथे उभे होते. मी पुढे बोललो नाही.

जुने खेळ नव्या यंत्रावर चालवण्याचीही एक गंमत आहे. त्या काळचे कित्येक खेळ यंत्र धावेल तितक्या वेगाने धावत. म्हणून जुन्या पेट्यांवर 'टर्बो' नावाचे एक बटण असे, आणि त्याचा खरा उपयोग वेग कमी करण्यासाठी होई! आज ते काम २००२ पासून फुकट मिळणारी 'डॉसबॉक्स' नावाची प्रणाली करते. ती आजच्या तरण्याताठ्या यंत्राला म्हाताऱ्याचे सोंग घ्यायला लावते.

याच संदर्भात मला एक हकिकत फार भावली. १९९४ मध्ये पोलंडमधल्या दोन मित्रांनी सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली. त्यांच्या देशात चोरून नकला केलेले खेळ बाजारात सर्रास मिळत; खरा खेळ कोण घेणार? १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा प्रचंड संभाषणांचा खेळ सबंध पोलिश भाषेत आणला. नामवंत पोलिश नटांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा आणि पुस्तिका घातली. लोकांनी चोरीचा माल सोडून तो खेळ पैसे मोजून घेतला, कारण तो त्यांच्या भाषेत बोलत होता! पुढे याच मंडळींनी आपल्या भाषेतल्या आंद्रझेय सापकोव्हस्की या लेखकाच्या कथांवरून २००७ मध्ये 'द विचर' हा खेळ केला, तो जगभर गेला. आणि २००८ मध्ये 'गुड ओल्ड गेम्स' नावाचे दुकान उघडले. तिथे जुने खेळ आजच्या यंत्रावर चालतील असे दुरुस्त करून, कुलूप न घालता विकतात. एकदा उतरवून घेतला की खेळ आपल्या कपाटात राहतो. इतर बऱ्याच ठिकाणी आपण खेळ नव्हे, तर खेळण्याची परवानगी विकत घेत असतो, हे पैसे देण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

ही हकिकत वाचून मराठीच्या प्राध्यापकाच्या मनात काय आले असेल, ते वाचकांनी ओळखावे. आपल्याकडे कथांची काय वाण आहे?

हकिकतीने मला आणखी एक टोचणी लावली. कऱ्हाडच्या त्या फ्लॉपीचे पैसे मी कधी कोणाला दिले नव्हते. चोरीचा राजपुत्र खेळलो होतो. त्याच मेकनरचा हात लागलेला २००३ मधला 'सँड्स ऑफ टाइम' आम्ही त्या दुकानातून विकत घेतला. सवलतीत तो दोन मिसळींच्या किमतीत पडला. त्यातल्या राजपुत्राजवळ काळ मागे फिरवणारा खंजीर आहे. पडलो तर मागे जाऊन सावरता येते. आमच्या राजपुत्राच्या नशिबी ती सोय नव्हती.

आणि तो आमचा राजपुत्र? इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने २०१५ मध्ये दोन हजारांहून अधिक जुने डॉसचे खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतील असे मांडले; त्यांत तोही होता. म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या यंत्रावर आम्ही सर्वांत आधी जो खेळ उघडला, तो माझ्या कॉलेजच्या जुनाट लॅपटॉपवरही चालला असता! पण बसायला निमित्त लागते, ते यंत्राने दिले.

जूनपासून दर रविवारी चहा झाला की एक तास. खेळाची मुदतच साठ मिनिटांची, त्यामुळे घड्याळ लावायला नको. मुलांच्या खेळण्याबद्दल ज्या पालकांना धास्ती वाटते, त्यांची धास्ती खोटी नाही. खेळाचा नाद आवाक्याबाहेर जाणे हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आता एक विकार आहे. ती यादी २०२२ पासून लागू झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदाच केला. जुगार आणि खेळ यांतला भेद मुलांना समजावून सांगावाच. पण माझा अनुभव असा की, दाराबाहेरून ओरडणाऱ्या बापापेक्षा शेजारी बसलेल्या बापाचे मूल अधिक ऐकते. आणि बापालाही दोन गोष्टी ऐकू येतात.

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी आम्ही पहिल्यांदाच शेवटच्या टप्प्यावर पोहोचलो. कळफलक माझ्या हाती होता. सहा मिनिटे उरली होती. तिथे राजपुत्राची सावली आडवी येते. चौथ्या टप्प्यात आरशातून उडी मारताना ती त्याच्यापासून सुटलेली असते, आणि मग जागोजागी त्याच्या वाटेत काटे पेरत जाते. या सावलीचा जन्मही मजेशीर आहे : त्या काळच्या यंत्रात नव्या शत्रूची चित्रे ठेवायला जागाच उरली नव्हती, म्हणून मेकनरने राजपुत्राचीच आकृती उलट्या रंगांत वापरली. कऱ्हाडला आम्ही 'मेगाहिट' हा परवलीचा शब्द वापरून चोरवाटेने इथवर यायचो. दर वेळी मी सावलीशी लढायचो आणि दर वेळी मरायचो.

सवयीने मी तलवार उपसली. एक घाव घातला.

"बाबा, थांबा," चिरंजीव म्हणाले. "मारू नका. तिला लागलं की तुमचंही रक्त कमी होतंय, बघा ना."

मी पाहिले. खाली दोन्ही कोपऱ्यांत एकाच वेळी एकेक खूण विझली होती. तीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी तलवार म्यान केली. सावलीनेही केली. राजपुत्र दोन पावले पुढे गेला, सावली दोन पावले पुढे आली, आणि दोघे एकमेकांत मिसळून गेले. समोर दरी होती. पाऊल टाकले तर पायाखाली फरशी उमटत गेली.

जाफरने मला तिथे हरवले, ते सोडा. पुढच्या रविवारी मुलाने त्याला हरवले. पण त्या संध्याकाळी आमची आई माळ ओढत मागच्या खाटेवर बसली होती. तिला पडद्यावरचे फारसे दिसत नाही. आम्ही दोघे एकदम ओरडलो, तेव्हा तिने विचारले, "गेला का रे तो पलीकडं?"

"गेला, आई," मी म्हणालो.

तिने समोरच्या भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीकडे पाहिले, आणि पुन्हा माळ ओढू लागली.